आधी वही काढ, मग लॅपटॉप उघड

ताई, नमस्कार.

मी सिंधुदुर्गातली. प्राणिशास्त्रात पीएचडी करते, दुसरं वर्ष चालू आहे. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरच्या, सुट्या दगडांखाली राहणाऱ्या पाली आणि पावसाळ्यात तिथल्या डबक्यांत येणारे बेडूक हा माझा विषय. फेलोशिप नाही. दोन पावसाळे स्कुटीचं पेट्रोल घरच्या पैशांतून घातलं. सर म्हणतात, "नेटवर बघ, पुष्कळ फंडिंग असतं." महिनाभर रोज रात्री बघतेय. "पीएचडी रिसर्च फंडिंग" टाकलं की हजारो नावं येतात. अर्धी अमेरिकेच्या नागरिकांसाठी, उरलेल्यांची मुदत संपलेली. एका साइटने पूर्ण यादी उघडायचे १,५०० रुपये मागितले. भरू का? की मलाच हे डेटाबेस वापरता येत नाहीत? बाबा विचारतात, अजून किती दिवस. त्यांना काय सांगू तेही कळत नाही.

– सड्यावरची

प्रिय सड्यावरची,

१,५०० रुपये भरू नकोस. 'नेट' या पात्रता परीक्षेला शुल्क असतं, ती गोष्ट वेगळी. संशोधनाला अनुदान देणाऱ्या ज्या संस्थांची नावं मी पुढे घेणार आहे, त्यांच्या याद्या फुकट बघता येतात. यादी विकणारा माणूस तीच माहिती इकडून तिकडून उचलून तुला विकणार. त्या पैशांत तुझ्या कितीतरी फेऱ्यांचं पेट्रोल होईल.

डेटाबेस तुला वापरता येतो. तू त्याला विचारतेस तो प्रश्न मात्र फार मोठा आहे. "पीएचडीसाठी पैसे कोण देतं" याला खरंच हजारो उत्तरं आहेत आणि त्यातलं एकही तुझ्यासाठी लिहिलेलं नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असताना बरीच वर्षं विद्यार्थ्यांचे अर्ज वाचले, दुरुस्त केले. जवळजवळ प्रत्येक जण तुझ्यासारखीच सुरुवात करायचा आणि तिथेच दमून जायचा.

म्हणून आज रात्री लॅपटॉप बंद ठेव. वही घे आणि पैसे नेमके कशाला हवेत ते एकाखाली एक लिही. पेट्रोल. जून ते सप्टेंबर सड्याजवळच्या गावात एक खोली. रात्रीच्या फेरीला सोबत येणाऱ्या गावातल्या मुलाची मजुरी. हेडलॅम्प आणि त्याच्या बॅटऱ्या. दगडाखालचं तापमान नोंदवणारे डेटा लॉगर. डीएनए करून घ्यायचा खर्च. मुंबईला बीएनएचएसमध्ये (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत) जाऊन जुने नमुने बघायचं भाडं आणि राहणं. प्रत्येकापुढे आकडा घाल, अंदाजाने का होईना. मग पान उलट आणि वेगळ्या पानावर तुझं स्वतःचं लिही: जेवणखाण, मोबाइल, कपडे, घरी द्यावेसे वाटणारे चार पैसे.

दोन वेगळी पानं अशासाठी, की या दोन पानांचे पैसे देणारी माणसं सहसा वेगळी असतात. तुझ्या पोटाचे पैसे म्हणजे फेलोशिप. तुझ्या कामाचे पैसे म्हणजे अनुदान. इंग्रजी डेटाबेसमध्ये दोन्ही एकाच "फंडिंग" या शब्दाखाली कालवलेले असतात, म्हणून तुझा गोंधळ होतोय. ज्यांना फेलोशिप आहे त्यांचाही कामाच्या पानाचा प्रश्न सुटलेला नसतो. जेआरएफला, म्हणजे केंद्राच्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपला, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) जेआरएफमध्ये विज्ञान शाखेला पहिली दोन वर्षं किरकोळ खर्चासाठी वर्षाला मिळणारी रक्कम १२,००० आहे. तेवढ्यात डीएनएचं काम होईल का, तूच बघ.

पहिल्यांदा पोटाचं पान.

यासाठी तू परदेशी डेटाबेसमध्ये वेळ घालवू नकोस. आपल्या राज्याच्या योजना तिथे दिसतच नाहीत, आणि "फेलोशिप" हा शब्द टाकूनही नीट दिसत नाहीत, कारण सरकारी कागदांवर त्यांचं नाव आहे "अधिछात्रवृत्ती". हा शब्द देवनागरीत टाकून शोध. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांचा साठा आहे, तिथे विभाग निवडून हाच शब्द शोधता येतो. शासन निर्णय वाचायला कंटाळवाणा असतो, पण पात्रता, रक्कम, मुदत आणि किती जणांना मिळणार हे सगळं त्यातच असतं, आणि ते बातमीपेक्षा पक्कं असतं.

तू कुठल्या प्रवर्गातली आहेस ते लिहिलेलं नाहीस, म्हणून राज्य सरकारच्या मुख्य संस्थांची नावं देते. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी. मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, तीही पुण्यातच. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती. अनुसूचित जमातींसाठी टीआरटीआय, म्हणजे आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. यांच्या जाहिराती कधी येतील त्याचा नेम नसतो, निवडीचे नियम वर्षागणिक बदलतात, आणि पैसे हातात पडायला वेळ लागतो हे धरून चाल. आणि प्रवर्ग कुठलाही असो, सीएसआयआर-यूजीसी नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर अजून दिला नसशील तर दे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसायचं जिवावर येतं, मला कळतं. तरी दे, जेआरएफ त्यातूनच मिळते.

इथेच एक खूण सांगून ठेवते. कुठलीही यादी ताजी आहे की शिळी, हे दोन नावांवरून ओळखता येतं. त्यात "एसईआरबी" (केंद्राचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) अजून अर्ज मागवते असं लिहिलं असेल तर ती यादी जुनी. ते मंडळ आता राहिलेलं नाही, २०२३ च्या कायद्याने त्याच्या जागी एएनआरएफ (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) आलं. आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप चालू दाखवली असेल तरी तेच, ती २०२२-२३ पासून बंद आहे. दोहोंपैकी एक जरी दिसलं तरी ते पान बंद कर. तुझे तीस दिवस बहुतेक अशाच पानांवर गेलेत.

आता कामाचं पान, आणि माझं खरं सांगणं इथे आहे.

"पैसे कोण देणार" हे शोधू नकोस. "माझ्यासारख्या कामाला आजवर पैसे कोणी दिले" हे शोध. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात जाहिराती येतात. दुसऱ्याच्या उत्तरात झालेली कामं येतात, आणि झालेलं काम फसवत नाही.

लंडनची रफर्ड फाउंडेशन घे. विकसनशील देशांमधल्या निसर्गसंवर्धनाच्या कामांना ती छोटी अनुदानं देते. तिच्या संकेतस्थळावर आजवर पैसे दिलेल्या प्रकल्पांचा साठा सगळ्यांना खुला आहे. देश निवड, मग सरपटणारे प्राणी किंवा उभयचर निवड. भारतातली कितीतरी कामं पुढे येतील, पश्चिम घाटातली भरपूर, महाराष्ट्रातलीही. प्रत्येकाच्या पानावर थोडक्यात उद्देश असतो आणि काम संपलेलं असेल तर अहवालही असतो. असे दहा अहवाल वाच. काय मागितलं, गावकऱ्यांबरोबर काय केलं, कुठे जमलं नाही, हे त्या त्या माणसाने स्वतः लिहिलेलं असतं. मला तर वाटतं, अर्ज कसा लिहावा यावरच्या कुठल्याही कार्यशाळेपेक्षा हे दहा अहवाल जास्त शिकवतील. रफर्डला अर्ज वर्षभरात केव्हाही करता येतो. पण पीएचडीची फी, परिषदेचा प्रवास याला ते पैसे देत नाहीत, आणि नुसतं "ज्ञानात भर पडेल" एवढ्यावर तर नाहीच. कामाचा संवर्धनाला काय उपयोग, हे त्यांना हवं असतं.

दुसरं नाव अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद स्पीशीज कन्झर्व्हेशन फंडाचं. तिथे पैसे एकेका प्रजातीसाठी मिळतात, जास्तीत जास्त २५,००० डॉलर, आणि तिथेही कुठल्या प्रजातीच्या कामाला पैसे दिले ते नावानिशी शोधता येतं. तुझ्या पालींपैकी किंवा बेडकांपैकी कोण आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत धोक्यात म्हणून नोंदलेलं आहे ते आधी बघ. सड्यावरची हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस ही पाल तुझ्या अभ्यासात असेल, तर सुरुवात तिच्यापासून कर.

तिसरा साठा तुझ्या रोजच्या वापरातला आहे, पण तू त्याच्याकडे या नजरेने बघितलं नसशील. शोधगंगा, भारतातल्या विद्यापीठांच्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा. प्रबंधाच्या वेगवेगळ्या फाइली तिथे असतात, त्यात ऋणनिर्देशाची फाइल बहुधा वेगळी असते. तुझ्या विषयाजवळचे वीस-पंचवीस प्रबंध काढ आणि फक्त ती फाइल उघड. आईवडिलांचे, मार्गदर्शकांचे आभार मानून झाले की कुठेतरी एक वाक्य येतं: अमुक संस्थेने क्षेत्रकार्याला साहाय्य केलं. ते वहीत उतरव. शोधनिबंधांचंही तसंच. कोइमतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा फुकट वाचता येतं आणि त्यात निबंधासोबतच "फंडिंग" असा रकाना असतो. एका संध्याकाळी तीस निबंधांचा तेवढा रकाना वाचलास तर तीच पाच-सात नावं पुन्हा पुन्हा येताना दिसतील. हजारांतून पाच-सातांवर येण्याचा याहून जवळचा रस्ता मला माहीत नाही.

शोधताना शब्द बदलायला शिक. तू "सडा" म्हणतेस, "महाराष्ट्र" म्हणतेस. परदेशी साठ्यांमध्ये तीच जागा लॅटराइट प्लॅटो, रॉक आउटक्रॉप, नॉर्दर्न वेस्टर्न घाट्स, कोकण अशा नावांनी दडलेली असते. पालीसाठी "लिझर्ड"वर थांबू नकोस, "गेको" टाक, प्रजातीचं लॅटिन नाव टाक, "हर्पेटोफॉना" (सरपटणारे आणि उभयचर प्राणी मिळून) टाक. अधिवासाच्या बाजूनेही जा: सड्याचा जांभा फोडून, वर माती आणून आंबा-काजूच्या बागा उठतायत, तर "लँड यूज चेंज" आणि "ऑर्चर्ड" हेही तुझेच शब्द. प्रत्येक शब्द वहीत लिही आणि त्यापुढे किती कामाचे निकाल आले ते लिही, नाहीतर पंधरा दिवसांनी तोच शब्द पुन्हा टाकशील.

याच सड्यांवर कातळशिल्पंही आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आलेली. तिथे पुरातत्त्वाचा एखादा विद्यार्थी भेटला तर त्याला सांग, त्याने तुझ्या याद्या बघायच्या नाहीत. त्याच्यासाठी वेनर-ग्रेन फाउंडेशनचं प्रबंधाच्या क्षेत्रकार्याचं अनुदान आहे, त्याला राष्ट्रीयत्वाची अट नाही. लंडनमधली जुनी कागदपत्रं बघायला जायचं असेल तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आहे. तुम्ही दोघं एकाच कातळावर बसून डबा खाल, पण तुमचे पैसे देणारे वेगळे. पैसा विषयाच्या मागे जातो, जागेच्या नाही.

मोठे सर्वसाधारण डेटाबेस टाकून द्यायचे का? नाही, पण त्यांच्याकडे एखाद्या नेमक्या कामासाठीच जा. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा ग्रेप्स नावाचा साठा बाहेरच्यांनाही खुला आहे. तो उघडलास तर आधी नागरिकत्वाची चाळणी लाव, मग विषय. निम्म्याहून जास्त नावं गळाली तरी वाईट वाटून घेऊ नकोस, चाळणीचं कामच ते. जर्मनीच्या डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेचा शिष्यवृत्तींचा साठा त्याहून सोपा: देश भारत, पातळी डॉक्टरेट, विषय जीवशास्त्र, एवढं निवडलं की यादी आवाक्यात येते. उद्या तुला बर्लिनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातले जुने नमुने बघायची गरज पडली, तर तिथली थोड्या महिन्यांची संशोधन-शिष्यवृत्ती बघ. आज ती गरज तुझ्या वहीत नाही, तर आज तो साठा उघडूही नकोस.

मुदत संपलेली पानं तू बंद करत गेलीस ना? ती पुन्हा उघड. दरवर्षी निघणारी अनुदानं बहुधा त्याच सुमाराला पुन्हा निघतात. एखादं ऑक्टोबरात बंद झालं असेल तर पुढच्या ऑगस्टच्या पानावर नाव लिहून ठेव. तुझं कॅलेंडर तर पावसाने ठरवलेलं आहे. बेडूक जूनमध्ये येणार, ऑक्टोबरात मिळालेल्या पैशांचा त्यांना काही उपयोग नाही. मेमध्ये पैसे हातात हवेत, तर निर्णय लागायला चार-सहा महिने धरून अर्ज दिवाळीच्या आत गेला पाहिजे. म्हणजे पुढच्या पावसाची तयारी याच पावसात.

पात्रता वाचताना खालून वर वाच. हे मी माझ्या चुकीतून शिकले. एका परदेशी अनुदानासाठी मी अख्खी दिवाळीची सुट्टी खर्चून अर्ज लिहिला होता, घरात फराळाला हात लावला नव्हता. पाठवायच्या आदल्या रात्री शेवटच्या पानावरची ओळ वाचली: पीएचडीची नोंदणी होऊन दोन वर्षं झालेली नसावीत. माझी तीन झाली होती. तेव्हापासून मी आधी नागरिकत्व, राहण्याचं ठिकाण, नोंदणीची तारीख, वय, आणि कुणाच्या सह्या लागतात एवढंच बघते. पाचही जुळले तरच वरची गोड भाषा वाचायची.

पैसे आले तर ते घ्यायचे कुठे, हे अर्जाआधी विचार. परदेशी पैसा कॉलेजच्या किंवा एखाद्या संस्थेच्या खात्यावर यायचा असेल तर तिला एफसीआरएची (परदेशी देणग्यांवरच्या कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. नोंदणी असलेल्या ओळखीच्या संस्थेकडून तो पुढे कॉलेजकडे वळवून घेणंही आता चालत नाही. शिष्यवृत्ती म्हणून थेट तुझ्या नावाने येणाऱ्या पैशाची गोष्ट वेगळी. तेव्हा कॉलेजच्या लेखापालांकडे जा, विचार, आणि अनुदान देणाऱ्यांनाही ईमेल करून विचार की पैसे कुणाच्या नावावर पाठवता. वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत असलेल्या प्राण्याला हात लावायचा, शेपटीचा तुकडा घ्यायचा, तर वनविभागाची परवानगी हवी, ती नागपूरहून येते आणि सावकाश येते. तो अर्ज आजच्या आज घाल. परवानगी मागितली आहे असं दाखवता आलं तरी अर्ज वाचणाऱ्याला तुझा भरवसा वाटतो.

अर्जात सड्याबद्दल लिहिताना सुरुवात सातबाऱ्यापासून कर, असं मला फार वाटतं. आपल्याकडे अशा कातळाची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, म्हणून होते. ज्या जमिनीला कागदोपत्री काही किंमत नाही तिथे पावसाच्या चार महिन्यांत काय काय जगतं, हे तू दोन वर्षं गुडघ्यांवर बसून पाहिलंयस. लंडनमधल्या माणसाला "पोटखराबा" म्हणजे काय ते समजावून सांग. सड्याची गोष्ट त्या एका शब्दात आहे, आणि ती तुझ्याइतकी जवळून सांगणारं त्यांना दुसरं कोण भेटणार आहे?

बाबांचं राहिलं. "अजून किती दिवस" याला तारीख देऊ नकोस, ती तुझ्या हातात नाही. त्यांना ती वही दाखव. दोन पानं, त्यावरचे आकडे, समोर लिहिलेली नावं आणि महिने. आजवर घरून किती पैसे लागले तेही त्यात लिही, न लपवता. मुलगी रात्री लॅपटॉपसमोर बसून काय करते हे त्यांना आजवर दिसलेलंच नाही. कागदावर हिशेब दिसला की बापमाणसाचा जीव थोडा खाली बसतो, हे मी माझ्या घरी पाहिलंय.

आणि हे या आठवड्यात कर: रफर्डच्या अर्जाला शिफारस करणारी तीन माणसं लागतात. एक तुझे सर झाले, एक बीएनएचएससारख्या ठिकाणचं कुणीतरी, तिसरं तुझं काम सड्यावर येऊन पाहिलेलं कुणी असलं तर उत्तम. तिघांनाही गणपतीच्या आधी गाठ, तुझ्या कामाचं एक पान त्यांच्या हातात दे आणि तारीख सांग. चतुर्थी लागली की पुढचे दहा-बारा दिवस कोकणात कुणाची सही मिळायची नाही, आणि तुझ्या कॉलेजचं कार्यालयही त्याला अपवाद नसेल.

तुझी,
ताई